क्लायंट चिडलाय की उदबत्ती लावतोय?

प्रश्न : मी एका एक्स्पोर्टवाल्या छोट्या कंपनीत आहे. माल उशिरा पोचला म्हणून परवा लंडनच्या क्लायंटचा मेल आला, त्यात 'वी आर इन्सेन्स्ड' असं होतं. मला इन्सेन्स म्हणजे उदबत्ती एवढंच माहीत, पुड्यावर 'इन्सेन्स स्टिक्स' छापलेलं असतं ना. स्पेलिंग चुकलंय का त्यांचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : स्पेलिंग बरोबर आहे हो, क्लायंटच पेटलाय! आधी सॉरीचा मेल टाका, मग हे निवांत वाचा.

दोन्ही शब्द एकाच घरातले. लॅटिनमध्ये 'इन्सेन्देरे' म्हणजे पेटवणे. त्यावरून पुढे चर्चच्या लॅटिनमध्ये 'इन्सेन्सुम' आलं, म्हणजे जाळलेली वस्तू, थोडक्यात देवापुढे जाळायचा धूप. तो फ्रेंचमार्गे तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्लिशमध्ये पोचला आणि वासाशी जोडला गेला, पण मूळ शब्दात वासबीस काही नाही, फक्त आग आहे. आपल्या उदबत्तीत उलट आहे बघा, ऊद हे अरबीतलं सुगंधी लाकूड, त्यामुळे आपण वासाचं नाव ठेवलं आणि त्यांनी काडी ओढल्याचं. क्रियापद साधारण 15व्या शतकात आलं, ते थेट माणसाच्या डोक्यात आग लावायच्या अर्थाने. भडकाऊ भाषणाला इंग्लिशमध्ये 'इन्सेन्डिअरी' म्हणतात आणि आग लावणाऱ्या बॉम्बलाही तेच, कारण मूळ तेच.

मराठीला हे नवीन नाहीच. आपल्याकडे पण राग पेटतो, कुणीतरी काडी टाकतो, दुसरा तेल ओततो आणि असा एक तरी आगलाव्या प्रत्येक ऑफिसात असतोच, नावं घेत नाही. 'इन्सेन्स्ड'ला मराठी शब्द मागितलात तर मी नुसतं 'चिडलेला' सांगणार नाही, ते फार मिळमिळीत होतं, तळपायाची आग मस्तकाला गेलीय ती ही अवस्था. चहात साखर कमी पडली म्हणून कुणी इन्सेन्स्ड होत नाही (आमच्या घरी होतात, पण तो अपवाद).

बोलताना एक फरक सांभाळा, धूप म्हणायचा असेल तर जोर 'इन'वर, चिडवणं म्हणायचं असेल तर जोर 'सेन्स'वर. स्पेलिंग एकच असल्याने कागदावर वाक्य बघूनच ठरवावं लागतं.

आणि एक गंमत, या लॅटिन शब्दाच्या पोटात 'कान्द्' म्हणजे चमकणे, झळकणे असा धातू आहे, इंग्लिशमधलं 'कँडल' त्याच्यातूनच आलं आणि संस्कृतमधला आपला 'चंद्र' पण त्याच कुळातला मानतात. म्हणजे तुमचा चिडका क्लायंट, देव्हाऱ्यातली उदबत्ती, लाइट गेल्यावरची मेणबत्ती आणि कोजागिरीचा चंद्र हे सगळे चुलत-चुलत भाऊ! मला स्वतःला यातला चंद्र सगळ्यात जास्त आवडला, थंड म्हणून ज्याचं एवढं कौतुक करतो तो निघाला या आगलाव्यांचा नातेवाईक.

मेलच्या उत्तरात मात्र हे काही लिहू नका, त्यांना सध्या चंद्रात इंटरेस्ट नसणार. माल नक्की कुठल्या तारखेला पोचणार तेवढं पहिल्याच ओळीत टाका.