डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, पूर्ण फाइल लेखी मागा

ताई, तुमचा मुलगा 22 महिन्यांचा, जन्मल्यावर लगेच रडला नाही, आता सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) निदान झालंय आणि रुग्णालय म्हणतंय "फाइल शोधतोय, पुढच्या आठवड्यात या". हे वाचलं आणि पोटात गोळा आला. याच वाक्यावर विश्वास ठेवून मी वर्षं घालवली. माझी मुलगी आता 13 वर्षांची आहे.

मी वकील नाही. फक्त या वाटेने जाऊन आले आहे. कलमं तुमच्या वकिलांकडून तपासून घ्याच.

प्रसूतीत हलगर्जी झाली म्हणून केस करायची की नाही हे नंतर ठरवा. आधी प्रसूतीची फाइल. माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी दर वेळी तोंडी मागत राहिले. रेकॉर्ड विभागातला माणूस गोड बोलायचा, कधी साहेब नाहीत, कधी कपाटाची किल्ली नाही. एकदा तर "डिस्चार्ज कार्डात सगळं आहे की" असंही म्हणाला. त्या कार्डावर जन्माबद्दल एकच ओळ होती, बाळ उशिरा रडलं. शेवटी लेखी अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की तीन वर्षं उलटली, रेकॉर्ड नष्ट केलं. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत भरती रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायचं आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचं, असं आहे. पहिली गोष्ट त्यांना बरोबर पाठ होती. दुसरी मला माहीत नव्हती.

म्हणून उद्याच अर्ज द्या, पोच म्हणून तुमच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. "सर्व कागद" असं मोघम लिहू नका. पार्टोग्राफ (कळा कशा पुढे सरकल्या त्याचा तक्ता), सीटीजी (पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची पट्टी), नर्सच्या नोंदी, ऑपरेशनच्या आणि भुलीच्या नोंदी, अपगार (जन्मताच बाळाच्या स्थितीला दिलेले गुण), नाळेच्या रक्ताचा गॅस रिपोर्ट (बाळाला ऑक्सिजन कमी पडला का ते सांगणारा), एनआयसीयूची (नवजात अतिदक्षता विभागाची) पूर्ण फाइल, एकेक नाव घाला. सिझेरियनचा निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता बाहेर आलं, हे यातूनच कळतं. सगळी केस त्या मधल्या वेळेवर उभी असते.

सीटीजीची पट्टी घरी असेल तर आजच फोटो आणि झेरॉक्स काढा. माझ्याकडे एक तुकडा होता, प्लास्टिकच्या कव्हरात जिवापाड जपलेला. वकिलांसमोर उघडला तर कागद जवळजवळ पांढरा. थर्मल कागद तो, उडून जातो. कडेला 3:40 एवढी वेळ कशीबशी वाचता येत होती, ठोक्यांची रेघ गेलेली.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे (2019 चा कायदा, कलम 69). ती जन्मापासून मोजायची की निदानापासून, यावर समोरचे वकील भांडतातच. तुम्ही जन्मापासूनच मोजा, म्हणजे हातात दोन महिने आहेत. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. आमचा झाला. पण कागदच नव्हते, तक्रार फेटाळली गेली. 18 वर्षांखालच्या मुलाला दिवाणी दाव्यासाठी मुदत कायद्याच्या कलम 6 ची सवलत आहे, पण तेवढ्या भरवशावर बसू नका. सर्वांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद, सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या शांता निकालापासून हेच चाललंय. मग दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय. आणि त्याच न्यायालयाच्या 1998 च्या स्प्रिंग मेडोज निकालानुसार मूल आणि आई-वडील दोघेही ग्राहक ठरतात, तेव्हा भरपाई दोघांच्या नावाने मागा.

पोलिसात जा म्हणणारे नातेवाईक भेटतील. माझं मत, घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं. त्यात शक्ती फार जाते.

एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. सेरेब्रल पाल्सीची सगळीच कारणं प्रसूतीच्या खोलीतली नसतात, बरीचशी गर्भातच घडलेली असतात. म्हणून मेंदूचा एमआरआय आणि फाइल दोन्ही घेऊन, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या नवजात-तज्ज्ञांना दाखवा. ते "नाही" म्हणाले तर तेही ऐकून घ्या. मला हे कुणी वेळेत सांगितलं असतं तर काही वर्षं मी फक्त फिजिओथेरपीला दिली असती.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. केसची वाट न बघता यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमाही काढून घ्या, 1 लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही बसते.

अर्जात तारीख, भरती क्रमांक आणि बाळाच्या जन्माची वेळ नक्की लिहा. भरती क्रमांक डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात सापडेल.