घरच्यांना बर्फावर नेताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीत आई-बाबा, दादा-वहिनी आणि आठ वर्षांचा भाचा अशा सगळ्यांना गुलमर्गला न्यायचे आणि तिथे त्यांना स्की शिकवायचे, हा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. गेल्या हिवाळ्यात तू तिथला मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण केलास, त्यामुळे घरात बर्फाची ओळख असलेली तू एकटीच आहेस आणि साहजिकच सारी जबाबदारी तुझ्याकडे आली आहे. तरीही या बेतातली एक गोष्ट तू बदलावीस असे मला कळकळीने वाटते. घरच्यांना तू स्वतः शिकवू नकोस.

अभ्यासक्रमाने आपल्याला स्वतःला उतारावरून नीट उतरता येते, परंतु दुसऱ्याच्या पायांत नेमके काय चुकते आहे हे दहा पावलांवरून ओळखणारी नजर त्याने येत नाही. गुलमर्ग आणि टंगमर्ग परिसरातला चांगला प्रशिक्षक लहानपणापासून बर्फावर वाढलेला असतो आणि दर हिवाळ्यात नवशिक्यांना शिकवत आलेला असतो. बाबा उतारावर अवघडून उभे राहिले की तो त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता त्यांच्या नडग्यांकडे पाहील. दुसरे कारण घरातल्या नात्यांचे आहे. आईला भीती वाटली तर ती तुला तसे सांगणार नाही, ‘फार गारठा आहे गं’ एवढेच म्हणेल, कारण लेकीने हौसेने आखलेल्या सहलीवर विरजण पडू नये असे तिला वाटेल. परक्या प्रशिक्षकाला मात्र ती आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत ‘मुझे डर लगता है’ असे सरळ सांगून मोकळी होईल आणि तो तिला दोन पावले खालून सुरुवात करायला लावील. दादाला धाकट्या बहिणीच्या सूचना चारचौघांत किती पचतील, हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतेस.

तेव्हा दोन प्रशिक्षक ठरव, एक मोठ्यांसाठी आणि एक भाच्यासाठी. मुलाला आई-वडिलांच्या गटात घालू नये, कारण ती दोघे पडताना दिसली की तो धास्तावतो आणि तो पडला की त्यांचे स्वतःच्या पायांवरचे लक्ष उडते. पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेलाच प्रशिक्षक घे, नोंदणीचे ओळखपत्र मोकळेपणाने पाहायला माग आणि पैसे, तास व साहित्य यांचे बोलणे आदल्या संध्याकाळी पूर्ण करून टाक. तिथला हंगाम अवघ्या काही महिन्यांचा असतो आणि अनेक घरांची वर्षाची मिळकत त्यावर अवलंबून असते; म्हणून घासाघीस एका मर्यादेपर्यंतच करावी असे माझे मत आहे.

शिकवणे दुसऱ्याकडे सोपवले तरी तुला काम भरपूर उरते. त्यातले पहिले काम बुटांचे, आणि त्याला पहिल्या सकाळचा तासभर वेळ गेला तरी जाऊ दे. भाड्याच्या दुकानात गर्दी असते, दुकानदार घाईत असतो, आणि स्कीचा बूट कधी न घातलेल्या माणसाला तो घट्ट वाटतो, म्हणून तो एक माप मोठा मागतो. सैल बुटात टाच उचलली जाते आणि मग पायाने केलेली हालचाल स्कीपर्यंत पोहोचतच नाही. या बुटांचे माप पायाच्या लांबीनुसार सेंटिमीटरमध्ये असते, त्यामुळे निघण्यापूर्वी घरीच प्रत्येकाचे पाऊल भिंतीला टाच लावून मोजून ठेव. दुकानात बूट चढवल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवायला सांग, मग कड्या लाव. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या बाजूला जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती किंचित मागे सरली पाहिजेत. आत एकच पातळ, लांब मोजा हवा. थंडीच्या धाकाने आई दोन जोड लोकरी मोजे घालू पाहील. तसे झाले तर पाय आवळून रक्तपुरवठा कमी होतो आणि बोटे उलट अधिक गारठतात. तुमान किंवा आतली गरम पँट बुटात खोचली गेली तर तिची घडी नडगीवर रुतते आणि दुपारपर्यंत तिथे काळानिळा वळ उठतो, हेही बघ.

बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या बाइंडिंगकडे सहसा कोणी नवशिका लक्ष देत नाही, म्हणून ते तू द्यायचेस. पडताना पाय पिळवटला तर बाइंडिंगने बूट सोडून दिला पाहिजे. तसे झाले नाही तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. ते किती जोराला सुटावे याचा आकडा माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवतात. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तो कमी ठेवतात, लहान मुलांसाठीही कमी ठेवतात. आदल्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहू देऊ नकोस. प्रत्येकाचे वजन सांग, दुकानदाराला तुझ्यासमोर स्क्रू फिरवायला लाव आणि बाबांच्या बाबतीत तर आग्रहच धर.

आता त्या भीतीविषयी, जिच्यामुळे बहुतेक नवशिके अडतात. तुम्ही सारे सह्याद्रीत फिरलेले आहात. घसाऱ्याच्या वाटेवर उतरताना आपण अंगाचा भार मागे ठेवतो, टाचा रोवतो आणि फारच निसरडे झाले तर सरळ बुड टेकवून उतरतो. डोंगरात जी सवय आपल्याला वाचवते, तीच स्कीवर घात करते. भार टाचांवर गेला की स्कीची पुढची टोके हलकी होतात, त्यामुळे ती वळेनाशी होते, वेग वाढतो, आणि वेग वाढला की माणूस आणखी मागे झुकतो. बाबांना ट्रेकचा अनुभव आहे, म्हणून त्यांना हे सोपे जाईल असे तू लिहिले आहेस. मला तर त्यांनाच पहिल्या दिवशी सर्वांत अवघड जाईल असे वाटते, कारण ती सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे. त्यांना ही गोष्ट निघण्यापूर्वी घरी शांतपणे समजावून सांग. नडगी बुटाच्या जिभेवर सतत टेकलेली असावी, हात पुढे दिसत राहावेत आणि नजर स्कीच्या टोकांवर न ठेवता जिथे जायचे तिथे असावी, एवढे त्यांना आधी ठाऊक असले की प्रशिक्षकाचे बोलणे त्यांना लवकर उमगेल. उतारावर मात्र तू लांबून ‘वाका, वाका’ असे ओरडू नकोस. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी एकच सूचना ऐकू येते आणि ती प्रशिक्षकाची असली पाहिजे.

पडल्यावर उठणे हेही शिकावे लागते, आणि वय झालेल्या माणसाची खरी दमछाक तिथेच होते. पडलेला माणूस बहुधा आहे तिथूनच उठायचा प्रयत्न करतो, स्की उताराच्या दिशेने तोंड करून असतात, तो अर्धा उठतो तोच त्या निसटतात आणि तो पुन्हा आडवा होतो. असे चार वेळा झाले की बाबांच्या मांड्या संपतील आणि उत्साहही. त्यांनी आधी पाठीवर लोळून दोन्ही स्की शरीराच्या खालच्या अंगाला, उताराला आडव्या आणि एकमेकींना समांतर आणाव्यात, गुडघे पोटाशी घ्यावेत, मग वरच्या बाजूचा हात बर्फावर रेटून आपला भार स्कीच्या वर आणावा. तरीही जमले नाही तर एक स्की काढून उठावे, त्यात कमीपणा काहीच नाही. ती परत चढवताना बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ पोलने, म्हणजे हातातल्या स्कीच्या काठीने, खरवडून काढावा लागतो, नाहीतर टाच बाइंडिंगमध्ये बसत नाही आणि माणूस उगाच साहित्याला दोष देत बसतो. हा सगळा प्रकार पहिल्याच सकाळी सपाटीजवळ, कोणी पडायच्या आधी, सगळ्यांकडून करून घे असे प्रशिक्षकाला सांग.

जागेच्या बाबतीत ठाम राहा. गुलमर्गच्या मैदानाभोवतीचे सौम्य उतार, जे खाली आपोआप सपाट होत जातात, तेच तुमचे शिकण्याचे ठिकाण. थांबता आले नाही तरी तिथे माणूस आपसूक थांबतो आणि एवढ्या एका खात्रीने निम्मी भीती जाते. भाच्याला पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून वेग आवरण्याची युक्ती ‘पिझ्झा’ या नावाने शिकवतील आणि तो ती कदाचित तुम्हा सर्वांच्या आधी उचलेल. मोठ्यांनी त्याच्याशी तुलना करून घेऊ नये. मुलाचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि पडण्याची किंमत त्याला अजून ठाऊक नसते. गोंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची, मात्र घाई करू नका. तिचा कोंगदूरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ साली आणि अफरवट पर्वताच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. तिकीट असलेल्या कोणालाही ती वर नेते, स्की येते की नाही हे विचारत नाही. दुसऱ्या टप्प्यावरचे उतार तीव्र आहेत, ते दाबून सपाट केलेले नसतात आणि तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ या दोन्ही वर्षी अफरवटच्या परिसरात हिमस्खलनात स्की करणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे मृत्यू झाले आहेत. दादाला दोन दिवसांत जमू लागले की तो वर जाऊ म्हणेल. त्याला नुसते पाहायला वर जायचे असेल तर जाऊ दे, पण स्की खालीच राहतील, हे आधीच ठरवून ठेव.

दिवस लहान ठेव. सकाळी दोन तास आणि जेवणानंतर तासभर, याहून अधिक नवशिक्याच्या मांड्या सहन करत नाहीत, विशेषतः स्की तिरक्या धरून वेग आवरत उतरताना. ऊन कलले की बर्फावरच्या चाकोऱ्या कडक होतात, ढग आले तर उंचसखल दिसेनासे होते, आणि नेमके तेव्हाच कोणीतरी शेवटची एक फेरी करू म्हणते. ती फेरी तू मोडून काढ. उतारावर थांबायचे असेल तर कडेला थांबावे आणि मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून वाट काढावी, हे दोन नियम भाच्यासकट सगळ्यांना पाठ असू देत.

आईविषयी थोडे वेगळे सांगतो. पहिल्या दिवशी बूट घालून, दहा पावले घसरून, तिने ‘मला नको’ म्हटले तर ते तुझे अपयश मानू नकोस आणि तिला ‘एकदाच’ म्हणून गळ घालू नकोस. तिला पहिल्या टप्प्याच्या गोंडोलातून फिरवून आण, खाली चहाच्या टपरीत कहवा मिळतो तिथे बसव, नातवाला उतरताना पाहू दे. बर्फावरून घसरगाडी ओढणारे स्लेजवाले मागे लागतील. तिला मजा वाटली तर एक फेरी ठरवून दे, नाहीतर नम्रपणे पण एकदाच नकार दे.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडेसेच खाली, आणि गुलमर्ग त्याहून हजारेक मीटर वर. म्हणून पहिली रात्र श्रीनगरला काढा आणि बाबांचा रक्तदाब व गुडघा निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्या. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, त्यामुळे गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवे, हेल्मेट सगळ्यांना हवे आणि जीन्स कोणालाच नको, ती भिजते आणि वाळत नाही. अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हा अटी वाचूनच विमा घे. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, एक पोस्टपेड क्रमांक बरोबर असू दे.

तारखांबाबत तू विचारलेस. चाळीस दिवसांचे चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला सर्वांत कडक थंडीचा काळ, जानेवारीअखेर संपते. त्यानंतरचे, फेब्रुवारीतले पहिले तीन आठवडे नवशिक्यांना बरे, कारण तोवर बर्फाचा थर साठलेला असतो आणि थंडीची धार थोडी उतरलेली असते. तरी खात्री कोणीच देऊ शकत नाही. २०२४ चा जानेवारी जवळजवळ संपेपर्यंत गुलमर्गला बर्फच नव्हता. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असेच घे. परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस श्रीनगरला ठेव, कारण बर्फवृष्टीत विमाने रद्द होतात आणि टंगमर्गच्या चढावर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांवाचून हालचाल होत नाही. तिकिटे काढण्याआधी सर्वांच्या पायांची मापे आणि वजने मला पाठव, कोणाला किती लांबीची स्की मागावी ते मी लिहून कळवीन.

कळावे,
तुझा हितचिंतक