बारातून दोन गेले, तरी अकरा कसे?

गेल्या अंकात सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघावर मी थोडंसं लिहिलं होतं. त्यात ‘गणपतराव देशमुख इथून अकरा वेळा निवडून आले’ असं एक वाक्य होतं. बहुतेक पत्रं त्या वाक्यावरच आली. मी याच तालुक्यातला निवृत्त शिक्षक, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. माझ्या वडिलांनी १९६२ पासून निवडणूक निकालांची एक वही ठेवली होती. किराणा दुकानात उधारी मांडतात तसली, लाल कापडी बांधणीची. त्यांच्यानंतर ती मी चालवतो. पुढची बरीचशी उत्तरं त्या वहीतली आहेत.

गुरुजी, १९६२ ते २०१४ या काळात विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका बाराच झाल्या. त्यातल्या दोन गणपतराव हरले, असं तुम्हीच लिहिता. मग उरल्या दहा. अकरावी कुठून आणली? – एक वाचक, बार्शी

तुमची वजाबाकी बिनचूक आहे. १९६२, ६७, ७२, ७८, ८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा बारा निवडणुका झाल्या. त्यातल्या १९७२ आणि १९९५ या दोन त्यांनी गमावल्या. राहिलेली एक सार्वत्रिक निवडणुकांच्या यादीत सापडत नाही, कारण ती पोटनिवडणूक होती.

१९७२ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींची लाट होती. बांगलादेशाचं युद्ध नुकतंच जिंकलेलं. काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा घेतल्या आणि गणपतरावांचा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) १९ वरून ७ वर आला. त्या लाटेत सांगोल्याची जागाही गेली, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील आमदार झाले. मुदत संपायच्या आतच त्यांचं निधन झालं, म्हणून १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि ती गणपतरावांनी जिंकली. बारातून दोन गेले दहा, अधिक ही एक.

ही निवडणूक माझ्या ध्यानात पक्की आहे, कारण माझं पहिलं मत त्यात पडलं. तेव्हा मताला एकवीस वर्षं पुरी लागत आणि बहात्तरला माझं वय थोडक्यात कमी पडलं होतं. मधल्या दोन वर्षांत तालुक्यानं मोठा दुष्काळ काढला. आईनं दुष्काळी कामावर खडी फोडली होती आणि आम्ही भावंडांनी सुकडी खाल्ली होती. मतदानाला निघताना तिनं बजावलं, “शिक्का मारलास की फुंकर घाल, मग घडी कर. शाई दुसऱ्याच्या चौकोनात उमटली तर मत वाया जाईल.” शाळेच्या खोलीत कोपऱ्याला आडोसा केलेला होता. तिथं मी कागद हातात धरून इतका वेळ फुंकत बसलो की केंद्रावरच्या माणसानं “झालं का?” म्हणून हाक दिली.

पुढची निवडणूक १९७७ ऐवजी १९७८ ला का, असंही एकानं विचारलंय. आणीबाणीत बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि सभागृहांची मुदत पाचाची सहा वर्षं केली गेली, म्हणून. ती नंतर परत पाचावर आणली.

हा देशातला विक्रम आहे ना? काही जण तर जगातला म्हणतात. – मूळचा सांगोल्याचा, सध्या पुण्यात

तुमच्या-माझ्या अभिमानाला थोडं लागेल, पण खरं ते लिहितो. महाराष्ट्रात अकरा वेळा आमदार झालेलं दुसरं कुणी नाही. देशाचं म्हणाल तर तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले आणि विधानसभेला एकदाही हरले नाहीत, मात्र त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. आपल्याकडं लोक इथंच थांबतात आणि ‘एकाच मतदारसंघातून’ असं म्हणून विक्रम सांगोल्याच्या नावावर लावतात. पण केरळात के. एम. मणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ अशा तेरा निवडणुका जिंकल्या. ओमन चांडी पुतुपल्लीतून बारा वेळा. ही नावं आपल्याकडं कमी ऐकू येतात म्हणून ती वगळायची, हे मला पटत नाही.

मला स्वतःला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. सांगोल्यानं या माणसाला दोनदा घरी बसवलं आणि दोन्ही वेळा परत बोलावलं. पंचाण्णवला पडले तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. त्या वयात माणूस राजकारण सोडतो. त्यांनी त्यानंतर लागोपाठ चार निवडणुका जिंकल्या.

स्पष्ट विचारते, राग मानू नका. हे सगळं जातीचं गणित नव्हतं का? – एक वाचक, कोल्हापूर

राग कशाला? गणपतराव धनगर समाजातले होते आणि आमच्या तालुक्यात हा समाज मोठा आहे. ते झाकून इतिहास लिहिता येणार नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर १९७२ आणि १९९५ चा उलगडा होत नाही. गावं तीच, समाज तेच, निकाल मात्र उलटा. शिवाय गणपतराव जन्मानं सांगोल्याचे नव्हेत. ते मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिलीसाठी इथं आले आणि इथलेच झाले.

आमचा तालुका माणदेशातला. माण नदी वर्षातला बराच काळ वाळूच दाखवते. इथल्या कोणत्याही सभेत पहिला विषय पाणी आणि शेवटचाही पाणीच. नीरेचा उजवा कालवा, म्हैसाळ, टेंभू या पाणी योजनांची नावं आमच्याकडं पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात. सगळीकडून पाणी यायचं ते शेवटच्या टोकाला, म्हणजे दर वर्षी भांडूनच मिळवायचं. विधानसभेत ते भांडण कोण लावून धरतो, यावर इथं माणूस तोलला जातो. गणपतराव १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात मंत्री होते, १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही होते. एरवी त्यांचा बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला. मंत्र्याच्या हातात असतात तशा चाव्या त्यांच्याकडं नसायच्या. तरी लोकांनी त्यांना धरून ठेवलं.

आणि सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथं सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली. महाराष्ट्रात कापसाच्या मुलखातल्या कितीतरी सूतगिरण्यांना टाळी लागली. आमच्या घरातली दोन माणसं तिथं कामाला होती. महिन्याच्या महिन्याला पगार घरी येणं म्हणजे काय, हे पावसावर जगणाऱ्या घरालाच कळतं. डाळिंबाचा पैसा तालुक्यात नंतर आला, आधी हा आला.

आमदार एसटीनं मुंबईला जातात हे तुम्ही वाचलं असेल. ती दंतकथा नाही. सांगोल्याच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभे असलेले मी त्यांना पाहिलंय.

१९९५ ला ते १९२ मतांनी पडले, असं वाचलं. एवढा थोडा फरक हातानं मोजताना चुकत नसेल का? मोजणी कशी चालायची? – एक वाचक, लातूर

होय, १९२. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. सांगोला तालुक्यात शंभरएक गावं. म्हणजे गावामागं दोनच मतं. वडिलांनी वहीत त्या आकड्याखाली बारीक अक्षरात ‘९७’ लिहून ठेवलंय. बरेच दिवस मला त्याचा अर्थ लागला नव्हता. त्यांनी मांडलेला हिशेब असा की, एका बाजूच्या सत्त्याण्णव माणसांनी दुसरीकडं शिक्का मारला असता तर निकाल दोन मतांनी फिरला असता.

त्या साली मी दुसऱ्या तालुक्यात मोजणीला होतो, आम्हा शिक्षकांना ती ड्युटी ठरलेली. मतपेटी टेबलावर पालथी करायची. घड्या उलगडायच्या. बोटांना शाई नाही, पण कागदाचा खरखरीतपणा दिवसभर राहायचा. उमेदवारवार गठ्ठे बांधायचे आणि पलीकडं जाळीपल्याड उमेदवारांचे प्रतिनिधी, डोळ्यांत तेल घालून. स्वच्छ मतांवर भांडण नसतंच. भांडण शंकेच्या मतांवर. दोघांच्या चौकोनात शिक्का असेल तर बाद. कोरा कागद बाद. दिलेल्या शिक्क्याऐवजी अंगठा किंवा पेनाची खूण असेल तर बाद. शिक्का रेघेवर पडला असेल तर बहुतेक भाग कुणाच्या चौकोनात आहे ते बघायचं.

आणि घडीनं उमटलेली शाई. आईच्या त्या बोलण्यापासून मी समजून होतो की असं मत बाद होतं. प्रशिक्षणात कळलं, तसं नाही. घडीमुळं उमटलेली छाप आरशातल्यासारखी उलटी आणि फिकट असते. मूळ शिक्का कुठला ते ओळखता येतं आणि मत त्यालाच धरायचं. अंतिम निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा. फरक कमी असेल तर निकाल जाहीर व्हायच्या आत, कारणं देऊन फेरमोजणीचा लेखी अर्ज करता येतो. चूक अजिबात होत नसेल असं मी म्हणणार नाही, पण इतके डोळे एका कागदावर असताना ती लपून राहणं अवघड होतं. घरी येऊन मी आईला त्या फिकट छापेचं सांगितलं, तर ती म्हणाली, “मग इतकी वर्षं मी उगाच फुंकत होते होय?”

२०२४ ला तिसरा उमेदवार नसता तर शहाजीबापूच आले असते, असं आमच्याकडं म्हणतात. खरं का? – एक वाचक, पंढरपूर

आधी २०१९ बघा. गणपतराव वयामुळं उभे राहिले नाहीत, त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून लढले. शहाजीबापू शिवसेनेकडून ९९,४६४ आणि अनिकेत ९८,६९६. फरक ७६८. वडिलांच्या पद्धतीनं मी वहीत खाली ‘३८५’ लिहिलं. गणपतराव ३० जुलै २०२१ ला गेले. २०२२ ला शहाजीबापू एकनाथ शिंद्यांबरोबर गुवाहाटीला गेले आणि तिथून फोनवर बोललेलं ‘काय झाडी, काय डोंगार’ देशभर गाजलं. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना १,१६,२५६ मतं पडली, शहाजीबापूंना ९०,८७०. फरक २५,३८६.

तिसरे दीपक साळुंखे, ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे, त्यांना ५०,९६२. फरकाच्या दुप्पट, म्हणून तुमच्याकडचं बोलणं सुरू झालं असणार. पण ही पन्नास हजार मतं उचलून एकाच्या पदरात टाकायला आधार काय? ज्यांनी ती दिली त्यांच्यात शिंदे गटावर रागावलेले होते, देशमुखांचे जुने विरोधकही होते. त्यांची वाटणी कशी झाली असती हे आकड्यातून निघत नाही. आकड्यातून निघतं ते एवढंच की राज्यभर महायुतीची लाट असताना हा तालुका उलटा गेला आणि अख्ख्या विधानसभेत शेकापची ती एकच जागा आली. १९६२ ला या पक्षाच्या पंधरा होत्या. हे लिहिताना मला वाईट वाटतं.

आमचं गाव पंढरपूर तालुक्यात, मग मत सांगोल्याला का? – एक वाचक, भाळवणी परिसर

२००८ च्या पुनर्रचनेमुळं. सांगोला तालुका आणि भाळवणी महसूल मंडळ मिळून २५३ क्रमांकाचा मतदारसंघ झाला. त्याच वेळी सांगोला पंढरपूर लोकसभेतून निघून नव्या माढा लोकसभेत गेला. म्हणून २००४ चे आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवताना जपून. हद्द तीच नाही.

सर, मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला आमच्या मतदारसंघाची अशी वही करायची आहे. सुरुवात कुठून करू? – एक विद्यार्थिनी, आटपाडी

बाळ, सुरुवात निवडणूक आयोगाच्या निकाल अहवालांपासून कर. प्रत्येक निवडणुकीचा मतदारसंघवार तक्ता त्यात असतो. मग ‘नमुना २०’ शोध. त्यात केंद्रनिहाय मतं असतात, म्हणजे तुझ्या गावच्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती पडली तेही कळतं. पोटनिवडणुकांसाठी वेगळं पान ठेव. सार्वत्रिकच्या यादीत त्या नसतात आणि बार्शीच्या वाचकांची झाली तशी गफलत तिथंच होते. दोन निवडणुकांच्या मध्ये हद्द बदलली असेल तर लाल शाईची रेघ मार.

आणि हे सगळं करायच्या आधी आजीजवळ बस. तिनं पहिलं मत कुठल्या साली दिलं, कुणाबरोबर गेली, चालत की बैलगाडीनं, कागद कसा होता, ते तिच्याच शब्दांत लिहून घे. अहवाल पुढच्या वर्षीही मिळतील. मी आईला विचारलं तेव्हा तिला १९६२ चं काही आठवत नव्हतं. वहीतलं ते पान अजून अर्धं कोरं आहे.