दिरांना मुलगी दत्तक द्यायची आहे, पण ते कॅनडात राहतात

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यात राहतो. दीर-जाऊ कॅनडात असतात, त्यांना मूल नाही. आमची धाकटी सात वर्षांची आहे, ती त्यांना दत्तक द्यायचं घरात ठरलंय. दीर म्हणतात, मे महिन्यात येतो, स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र करू आणि व्हिजिटर व्हिसावर तिला घेऊन जातो. बाकीचं तिकडे बघू. असं चालेल का?

उत्तर : ताई, अजिबात नाही. दत्तकासाठी मूल परदेशी न्यायचं तर वैध आदेश आधी हातात हवा, असं बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ५६ सांगतं. त्याशिवाय नेलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही. नेणारा आणि पाठवणारा दोघंही त्यात येतात, म्हणजे तुम्हीसुद्धा. नोंदणीकृत दत्तकपत्र असलं तरी मुलीला बाहेर न्यायला 'कारा'चं, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं, ना हरकत प्रमाणपत्र लागतंच.

हे दीर तुमच्या यजमानांचे सख्खे भाऊ ना? चुलत असतील तर थांबा. परदेशातल्या नातेवाइकाने दत्तक घेण्याची सोय कायद्याने सख्खे काका, मामा, आत्या, मावशी आणि आजी-आजोबा यांच्यापुरतीच ठेवली आहे.

सख्खे असतील तर सुरुवात तिकडून होईल. कॅनडात दत्तकाचं काम प्रांत सरकारांकडे असतं. दिरांनी तिथल्या अधिकृत संस्थेकडून गृहभेट अहवाल करून घ्यायचा, तो 'कारा'च्या पोर्टलवर चढतो. इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं तुमच्या घरी येऊन तुमचा आणि मुलीचा अहवाल करतील. आदेश ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळेल. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार कोर्टाकडून त्यांच्याकडे आला. मग ना हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. मे महिन्यात हे उरकणार नाही, तिकिटं काढू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते : मुलीला विचारलंत का? पाच वर्षांवरच्या मुलाची संमती नियमानेच लागते. "काकांकडे फिरायला जायचंय" असं सांगून ती घेऊ नका. कायमचं जायचंय, शाळा बदलणार, ताई इथेच राहणार, हे तिला कळेल अशा शब्दांत तुम्ही आणि यजमानांनी मिळून सांगा. ती नाही म्हणाली तर ते ऐकायची तयारी ठेवा.

दत्तकानंतर कायद्याने आईवडील दीर-जाऊच. मात्र कलम ६० नुसार मुलीची तुमच्याशी आणि तिच्या भावंडांशी अधूनमधून भेट घडवणं हे दत्तक घेणाऱ्यांचं कर्तव्य आहे. दिरांना हे कलम आत्ताच वाचून दाखवा. दर किती वर्षांनी आणणार, खर्च कुणाचा, हे घरात बसून ठरवा आणि लिहून ठेवा.

पैशांची देवाणघेवाण मात्र कुठल्याही नावाने नको, भेट म्हणूनही नको. मुलीचा जन्मदाखला, तुमचं विवाह प्रमाणपत्र आणि दिरांशी नातं दाखवणारे कागद आतापासून जमवा; नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या.