"हे पाण्यात पडले तर मी काय करू?"

सल्ल्यासाठी आलेलं ठाण्याचं जोडपं. काका 62 वर्षांचे, बँकेतून निवृत्त. मुंबई बंदरात शिडाच्या होडीचा कोर्स करून आले आणि आता जुनी 28 फुटी होडी विकत घेऊन दोघांनी गोव्याला जायचं म्हणतात. "या वयातलं हे खूळ तेवढं उतरवा," एवढंच काकूंचं मागणं.

वयाचा मुद्दा लवकर आटपला. जीन सॉक्रेटिस चाळिशी उलटल्यावर शीड हाताळायला शिकल्या आणि 2019 मध्ये, 77व्या वर्षी, एकटीने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. काका खूश झाले. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"भीती नेमकी कशाची वाटते?" असं विचारल्यावर बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हे पाण्यात पडले तर मी काय करू? मला होडी थांबवतासुद्धा येत नाही."

ही भीती समजावून जात नाही, कारण ती खरी आहे. कोर्स एकट्या काकांनी केला होता. उशिरा शिडाकडे वळणाऱ्या जोडप्यांत हेच सर्रास होतं: एक कप्तान, दुसरं सामान.

म्हणून पहिला गृहपाठ काकूंना. माणूस पडला की ओरडायचं, तरंगती रिंग फेकायची, जीपीएसवरचं एमओबी बटण (माणूस पडला ती जागा नोंदवणारं) दाबायचं आणि नजर पाण्यातल्या डोक्यावरून हलवायची नाही. पुढच्या शिडाची दोरी न सोडता नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून पलीकडे वळवायची. ते शीड उलटं फुगतं. मग सुकाणूचा दांडा वारा जातो त्या बाजूला ढकलून बांधायचा. होडी जवळजवळ जागीच रेंगाळते. हे करायला ताकद लागत नाही. ताकद लागते ती ओला, जड माणूस वर घ्यायला, आणि ती काकूंकडे नाही. त्यासाठी मागे शिडी हवी, नाहीतर शीड चढवायची दोरी विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चक्रावर, घेऊन ओढायचं. त्याहून बरं म्हणजे पडूच नये. रात्री आणि डेकवर एकटं असताना हार्नेस, म्हणजे होडीला जोडून ठेवणारा पट्टा, अडकवलेलाच हवा.

काकांनाही दोन गोष्टी कबूल कराव्या लागल्या. होडीची खरेदी एक मोसम पुढे. ऑक्टोबर ते मे क्लबच्या कील (तळाचा जड कणा) असलेल्या होडीवर दोघांनी जायचं. छोटी डिंगी कलंडते, गुडघ्यांना ती नको. दुसरी गोष्ट, गोव्याची. साधारण सव्वादोनशे सागरी मैल, ताशी पाचच्या वेगाने 45 तास. दोघांनीच जायचं तर तीन-तीन तासांची पाळी, त्यात कोकण किनाऱ्यावर रात्री मच्छीमारांची जाळी. त्यापेक्षा मुरुड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग असे दिवसाचे टप्पे बरे.

काकांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी निघाली. तिच्यासोबत ऊन आणि उलट्या म्हणजे चक्कर येण्याची भीती, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारणं आलं. बोट लागण्याची गोळी निघण्याआधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. ती झोपही आणते, म्हणून पहिल्यांदा घरीच घेऊन बघायची.

तिसऱ्या भेटीला काकू तक्रार घेऊनच आल्या. सरावाला माणूस समजून पाण्यात टाकलेला फेंडर (होडीच्या कडेला लावायचा फुगा) त्यांनी चौथ्या फेरीत उचलला होता, काकांना सहा लागल्या, आणि ते कबूल करत नव्हते.