बसकी व्हॅन, नवा हप्ता आणि दुरुस्तीचा क्रम

नमस्कार,

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही घरोघरी फर्निचर बसवण्याची कामं करता. व्हॅन छोटी, नऊ वर्षांची, कर्ज फिटलेली. अवजारं आणि माल भरला की मागची बाजू खाली बसते, वळणावर गाडी डोलते, खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो. गॅरेजवाल्यानं मागच्या कमानी (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंग) आणि चारही शॉक अब्सॉर्बर बदलून सगळं ‘हेवी ड्युटी’ करण्याचं अंदाजपत्रक दिलंय. शिवाय कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू कमी होतंय आणि टायमिंग बेल्ट (इंजिनमधल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद सापडत नाही. सगळ्याची बेरीज नव्या व्हॅनच्या साधारण सात हप्त्यांएवढी होते. म्हणून तुम्ही विचारताय, की जुनीत पैसे घालण्यापेक्षा ती बदलून पाच वर्षांच्या कर्जावर नवी घ्यावी का. हाताशी तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी ठेव आहे.

माझं मत: आत्ता नवी घेऊ नका. पण अंदाजपत्रक जसंच्या तसंही मान्य करू नका. पहिला खर्च टायमिंग बेल्टचा करा. सस्पेन्शनवर, म्हणजे कमानी, शॉक वगैरेंवर, काही खर्च करण्याआधी गाडी रोजच्या सामानासकट वजनकाट्यावर चढवा.

बसकं सस्पेन्शन रोज जाणवतं, त्यामुळे खिशात हात आधी त्याच्यासाठी जातो. बेल्ट मात्र तुटेपर्यंत काहीच कळू देत नाही. बहुतेक डिझेल इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग दुरुस्ती बेल्टची राहत नाही, इंजिनची होते. कंपनी बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत देते. जी आधी संपेल ती धरायची. नोंदच नसेल तर मुदत संपली असं समजून चला. अनेक इंजिनांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. तुमच्या इंजिनात तसं असेल तर पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि बेल्ट एकाच वेळी बदला. मजुरी एकदाच पडेल आणि कूलंटची गळती पंपातूनच असेल तर तीही तिथेच मिटेल.

त्याआधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट मात्र करून घ्या. ती स्वस्त असते आणि तुमचा पुढचा सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. गळती होज (रबरी नळी), रेडिएटर किंवा पंपाची निघाली तर विशेष काळजी नाही. पण थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच होज दगडासारखे कडक होत असतील, गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्यायला हवा. तसं निघालं तर खाली लिहिलेलं गणित पुन्हा मांडावं लागेल.

आता सस्पेन्शन. गाडीचं वजन कमानी पेलतात. साधे शॉक अब्सॉर्बर वजन पेलत नाहीत, ते कमानीचं खालीवर होणं आवरतात. गाडी उभी असतानाच मागून बसलेली असेल तर नवे शॉक तिला उचलणार नाहीत. उलट खड्डा ओलांडल्यावर ती दोनतीनदा हिंदकळत असेल, शॉकवर तेलाचा ओघळ असेल किंवा टायर जागोजागी खोलगट झिजले असतील, तर दोष शॉकचा आहे. ते एका अॅक्सलचे (डाव्या-उजव्या चाकांच्या एका जोडीचे) दोन्ही एकदम बदलायचे असतात. चारही एकदम बदलायलाच हवेत असं नाही. पुढचे कोरडे आणि ठणठणीत असतील तर ते अंदाजपत्रकातून काढायला सांगा. आणि तो धाडकन येणारा आवाज? तो बऱ्याचदा झिजलेल्या बुशचा (सांध्यातल्या रबरी तुकड्याचा), अँटिरोल बारच्या (वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंकचा किंवा अॅक्सल रबरी स्टॉपवर आदळल्याचा असतो. बुश आणि लिंक हे तुलनेनं स्वस्त भाग आहेत, आणि ते बदलल्यावर गाडी किती सावरते हे पाहिल्याशिवाय महाग भागांकडे वळू नये. रबरी बुशचे बोल्ट शेवटी आवळताना गाडीचं वजन चाकांवर असावं. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे गॅरेजमध्ये स्पष्ट सांगा, नाहीतर तोच खर्च वर्षभरात पुन्हा समोर येईल.

वजनकाट्याचा आग्रह का, तेही सांगतो. गाडीच्या पाटीवर कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं, बहुधा दोन्ही अॅक्सलच्या मर्यादाही असतात. तुमच्या व्हॅनमध्ये लाकडी रॅक, कंप्रेसर आणि कटिंग मशीन कायमची आहेत. म्हणजे ती कधी रिकामी नसतेच. आणि नुसतं किती वजन आहे एवढंच पाहून भागत नाही, ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. समजा पुढच्यामागच्या चाकांमध्ये २५० सेंटिमीटर अंतर आहे आणि १०० किलोचा कंप्रेसर मागच्या अॅक्सलच्या ५० सेंटिमीटर मागे, दाराशी ठेवलाय. मागच्या अॅक्सलवर १०० नव्हे, १२० किलो भार वाढतो आणि पुढच्या अॅक्सलवरून २० किलो कमी होतो. मागची बाजू बसते, हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातात आणि पुढच्या चाकांची पकड घटते. तोच कंप्रेसर चालकामागच्या पार्टिशनला टेकवून घट्ट बांधला तर यातला बराच त्रास फुकटात जातो. मागच्या टायरची हवा भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याएवढी आहे का, तेही पाहा. हा आकडा दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. हवा कमी असली की गाडी वळणावर अशीच डोलते.

वजन मर्यादेत असूनही मागची बाजू बसत असेल तर कमानी थकल्या आहेत. मग मूळ क्षमतेच्या नव्या कमानी घाला किंवा आहे त्या कमानीत एक जादा पाटा (पोलादी पट्टी) वाढवा. जादा पाट्यानं रिकामी गाडी खडखडते, पण तुमची रिकामी धावतच नाही, त्यामुळे तुम्हाला तो चालेल. दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह अॅक्सलला जोडलेला असतो. मागची बाजू जितकी खाली, तितका भार जास्त, असं तो मानतो. जादा पाट्यानं गाडी वर उचलली गेली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तो व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घेणं हा कामाचाच भाग आहे, अंदाजपत्रकात तसं लिहून घ्या. दुसरं म्हणजे हा बदल विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल दावा अडकवू शकतो.

आणि वजन मर्यादेबाहेर निघालं तर? तर ‘हेवी ड्युटी’ कमानींवर खर्च करू नका. कमान कितीही जाड केली तरी ब्रेक, बेअरिंग, टायर आणि कायद्यानं ठरलेली मर्यादा तीच राहते. सामान कमी करता येत नसेल तर मोठ्या गाडीचा विचार योग्य ठरतो, पण तुमचा प्रश्न नव्या छोट्या व्हॅनचा आहे. तिच्यातही हेच वजन भरलं तर काही वर्षांत तीही अशीच बसेल.

आता पैशांकडे. जुनीत तिच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त घालू नये, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. मला तो पटत नाही, कारण तुम्ही व्हॅन विकायला निघालेला नाही, तिच्यावर पोट चालवताय. प्रश्न एवढाच, की या पैशांत कामाचे किती महिने मिळतात. पूर्ण सात हप्त्यांएवढा खर्च झाला आणि गाडी दोन वर्षं चालली, तर २४ महिन्यांचं काम सात हप्त्यांत झालं. त्यात इतर किरकोळ दुरुस्त्यांचे आणखी पाच हप्ते मिळवले तरी निम्मे वाचतात. नव्या गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत वेगानं घसरते, आणि ती घसरण तुमच्या खात्यात हप्त्यासारखी दिसत नाही.

विक्रेत्यानं सांगितलेला व्याजदर सपाट (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर) आहे की घटत्या शिल्लकीवरचा (फेडायच्या उरलेल्या रकमेवर), हे विचारून घ्या. पाच वर्षांसाठी ८ टक्के सपाट दर म्हणजे घटत्या शिल्लकीवर १४ टक्क्यांहून थोडा जास्त. कानाला ८ बरं वाटतं, पण द्यावं लागतं १४ च्या हिशेबानं. शिवाय काम कमी मिळालं म्हणून हप्ता थांबत नाही. बुश बदलणं महिनाभर पुढे ढकलता येतं, हप्ता ढकलता येत नाही. तुमची कमाई हंगामानुसार वरखाली होते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हा फरक मला व्याजाहूनही मोठा वाटतो.

ठेवीला हात लावू नका, फक्त बेल्टसाठी गरज पडलीच तर तेवढीच रक्कम काढा आणि पुढच्या दोन महिन्यांत परत भरा. बाकीची कामं टप्प्यानं, चालू कमाईतून. बुश आणि मागचे शॉक एकत्र, कमानींचा निर्णय वजनाचा आकडा पाहून, आणि व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) सगळं संपल्यावर एकदाच. गाडी गॅरेजात असेल ते दिवस काम नसलेल्या आठवड्यात बसवा. बंद दिवसाची बुडालेली कमाई हाही खर्चच आहे.

याच महिन्यापासून वेगळं खातं काढून त्यात नव्या व्हॅनच्या हप्त्याच्या निम्मी रक्कम टाकत जा. क्लच, ब्रेक, बॅटरी त्यातून भागतील. दोन वर्षांनी जे उरेल ते पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट.

माझं मत बदलेल अशा दोन गोष्टी आहेत. हेड गॅस्केट गेलेलं निघणं ही एक. दुसरी म्हणजे कमानी जिथे चॅसीला जोडल्या आहेत तिथे पत्रा गंजून खाल्लेला असणं. गाडी लिफ्टवर चढवली की त्या जागा स्वतः टॉर्च लावून पाहा, पेचकसाच्या टोकानं दाबून पाहा. टोक आत गेलं तर कुठलाही भाग मागवू नका. या दोन्ही तपासण्या आणि वजनाची पावती हाती आली की आकडे कळवा. कमानी, जादा पाटा की मोठी गाडी, हे त्यावरून ठरवू.