हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, तर ऊस-सोयाबीनला त्याचा फायदा होतो का? मग युरिया वाढवावा की कमी करावा?

उसाला जवळजवळ नाही, सोयाबीनला थोडा, आणि युरिया वाढवू नका. तुम्ही शिरोळ भागात ही दोन्ही पिकं घेता असं लिहिलंय, म्हणून मुख्यतः त्यांच्यापुरतंच सांगतो.

कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. त्याचा उपयोग कुणाला होणार हे पानाच्या आतली रचना ठरवते. सोयाबीन, भुईमूग, भात, गहू, बहुतेक भाजीपाला ही सी-३ पिकं. त्यांच्या पानातलं रुबिस्को नावाचं विकर कार्बनऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच पकडतं आणि तयार अन्नाचा काही भाग त्यात वाया जातो. ऊन तापलं की हे नुकसान वाढतं, हवेत कार्बन वाढला की कमी होतं. ऊस, मका, ज्वारी ही सी-४ पिकं. ती कार्बन आधी पानातल्या शिरांभोवतीच्या पेशींत दाबून भरतात, त्यामुळे तिथल्या रुबिस्कोला तो आजच पुरेसा मिळतो. बाहेर आणखी वाढून उसाला काय मिळणार? पर्णरंध्रं थोडी मिटतात, पाणी कमी उडतं, ताणाच्या काळात पीक जरा जास्त तग धरतं, एवढंच. नदीकाठच्या शिरोळात तोही फायदा फारसा कामाचा नाही. तिथे जमिनी क्षारपड होतात त्या जादा पाण्यामुळे.

तणांचा हिशेबही असाच. हराळी आणि लव्हाळा सी-४ आहेत, त्यांना वाढत्या कार्बनचं विशेष काही नाही. उसावर चढणारी चांदवेल सी-३ आहे, तिला आहे.

आता नत्र, म्हणजे युरियातून मिळणारा नायट्रोजन. शेतात उघड्यावर नळ्यांची कडी उभारून हवेतला कार्बन ५५० च्या आसपास नेण्याचे प्रयोग बऱ्याच देशांत झालेत. पाणी आणि नत्र पुरेसं असेल तर सी-३ धान्यांचं उत्पादन साधारण १० ते २० टक्के वाढतं. नत्र कमी पडलं की ही वाढ बरीचशी गळते. कारण सरळ आहे: रुबिस्को हे प्रथिन आहे, पानातल्या नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो. साखर भराभर तयार झाली आणि तिला जोडायला नत्र नसलं, तर झाड रुबिस्कोच कमी करतं. दाणाही पातळ पडतो, म्हणजे गहू-तांदळात प्रथिनं, लोह आणि जस्त साधारण ५ ते १० टक्क्यांनी घटतात. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवतं, म्हणून त्याची प्रथिनं बरीचशी टिकतात. लोह-जस्त मात्र तिथेही घसरतं.

सी-३ जिंकणार, सी-४ मागे पडणार असंही छातीठोक सांगू नये. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गवतांवर २० वर्षं चाललेल्या प्रयोगात पहिली १२ वर्षं पुस्तकाप्रमाणे गेली, पुढची ८ वर्षं बरोबर उलटी. सी-४ गवतांच्या वाफ्यांत मातीतून सुटणारं नत्र वाढत गेलं, सी-३ च्या वाफ्यांत घटत गेलं.

मग नत्रच जास्त टाकलं तर? ऊस हिरवागार दिसतो, पण लोळतो, किडी वाढतात, आणि उशिरा दिलेलं नत्र साखर उतारा पाडतं. पाणी साचलेल्या रानात नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट उष्णता धरतो. बाकीचं विहिरीत आणि पंचगंगेत. जलपर्णी आयती पोसली जाते (शहराच्या सांडपाण्याचा वाटाही त्यात आहेच). पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या सड्यांवर दवबिंदू, सीतेची आसवं ही कीटक खाणारी झाडं टिकून आहेत ती तिथली माती उपाशी असल्यामुळे. अशा जागी नत्र पोचलं की गवत माजतं आणि ही बुटकी झाडं झाकली जातात.

सोयाबीनला शिफारशीतलं नत्र एकरी २० किलो, तेही पेरणीबरोबरच. डीएपी ६५ किलो घातलं तर त्यातूनच सुमारे १२ किलो मिळतं, वर युरिया १८ किलो पुरे. रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक) आणि बुरशीनाशक एकत्र कालवू नका: आधी बुरशीनाशक, बी सावलीत सुकवा, मग पेरणीआधी रायझोबियम. ३५-४० दिवसांनी चार-पाच झाडं मुळासकट खणून काढा, उपटू नका, गाठी तुटतात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बहुधा संवर्धक मेलेलं होतं, पाणी साचलं, किंवा युरिया जास्त झाला. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरत नाही.

सुरू उसाला एकरी १०० किलो नत्र, म्हणजे ४५ किलोची पावणेपाच-पाच पोती युरिया. लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या भरणीला (बुंध्याला माती चढवताना) ४०. युरिया पाचटावर किंवा ओल्या मातीवर फेकून ठेवला तर त्याचा अमोनिया होऊन उडतो, म्हणून चळी घेऊन मातीआड करा. भरणीनंतर युरिया नाही, ऊस पिवळट दिसला तरी नाही. आधी निचरा पाहा, मुळं गुदमरली असली तरी पान पिवळंच पडतं.

खोडव्यात पाचट ठेवता की पेटवता हे तुम्ही लिहिलेलं नाही. पेटवलं तर त्यातलं नत्र धुरात जातं. ठेवलं तर पाचटात कार्बन भरमसाठ आणि नत्र नावाला, त्यामुळे कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक टाकून पाणी द्या. एकरी ४ टन पाचट धरलं तर ३२, ४० आणि ४ किलो. पाचट सरीत दाबून बसवा आणि बुडखे उघडे ठेवा, नाहीतर कोंब दबतात.